हार्टच्या ऑपरेशनआधी व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारीख मिळालीये, काही आठवडे हातात आहेत आणि घरात पेशंटला कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीये, अशा घरांसाठी हे लिहिलंय. ठरवून होणारी ऑपरेशन्स, म्हणजे बायपास, वॉल्व्ह बदलणं किंवा दुरुस्त करणं, एवढीच धरली आहेत. अटॅक येऊन तातडीने थिएटरमध्ये नेलं तर यातलं काहीच लागू नाही. आणि सुरू करण्याआधी तुमच्या कार्डिओलॉजिस्टना किंवा सर्जनना विचारायचंच, हे एकदाच सांगते, प्रत्येक उत्तरात परत लिहीत बसत नाही.

हार्ट खराब म्हणून तर ऑपरेशन आहे, मग व्यायाम कसला?

हार्ट दुरुस्त करायला हा व्यायाम नाहीच मुळी. ब्लॉकेज किंवा वॉल्व्हचं काय करायचं ते सर्जन बघतील. आपण बघायचं ते पाय आणि श्वासाचे स्नायू, कारण ऑपरेशन छान झालेला पेशंटही नंतर अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. बघा, छातीचं मधलं हाड उभं कापून परत तारांनी बांधलेलं असतं, भूल आणि व्हेंटिलेटर यांच्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग थोडाफार मिटलेला असतो, त्यात दुखतंय म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायला घाबरतो, मग कफ तिथेच साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. दुसरीकडे पडून राहिल्यामुळे मांड्यांतली ताकद उतरलेली असते आणि छातीचं हाड जुळायचं असल्यामुळे हातावर जोर देऊन उठायला मनाई असते. म्हणजे उठायचं तर फक्त पायांच्या जोरावर. ती ताकद आधीच नसेल तर बाथरूमपर्यंत जायलाही दोन माणसं लागतात. ऑपरेशनआधीच्या या तयारीला प्रीहॅब म्हणतात, नंतर करतात ते रिहॅब.

पण डॉक्टर तर आराम करा म्हणाले होते.

डॉक्टर आराम म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांना म्हणायचं असतं की जड उचलू नका, दगदग करू नका. घरी पोचेपर्यंत त्याचं "पलंगावरून उठायचं नाही" असं होतं. घरच्यांचा जीव असतो म्हणून होतं ते, पण त्यात नुकसान पेशंटचंच आहे. २००७ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात धडधाकट ज्येष्ठ माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं तर त्यांच्या पायांचं चरबी वगळून वजन जवळपास एक किलोने उतरलं. हे आजारी नव्हते बरं का, ऑपरेशनही नव्हतं काही. आता हार्टचा पेशंट महिनाभर घरात पडून राहिला आणि मग ऑपरेशनला गेला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

काही जणांना मात्र आराम खरोखरच, शब्दशः सांगितलेला असतो. म्हणून अंदाज बांधू नका, पुढच्या भेटीत सरळ विचारा: घरात चालू का, जिना चढू का, बाहेर फिरायला जाऊ का, किती वेळ. उत्तर कागदावर लिहून घ्या, म्हणजे घरी वाद नको.

कुणी अजिबात करायचा नाही?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. बसल्या बसल्या किंवा झोपेत छातीत दुखतंय, किंवा दुखणं गेल्या काही दिवसांत वाढत चाललंय, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. डाव्या मुख्य नसेत मोठं ब्लॉकेज असेल तर टीमने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नाही. एओर्टिक वॉल्व्ह फारच अरुंद झालाय आणि चालताना चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप येतेय, तरीही नाही, कारण या आजारात जोर केल्यावर माणूस अचानक बेशुद्ध पडू शकतो. हार्ट फेल्युअर ताब्यात नाहीये, म्हणजे पाय सुजतायत, आडवं झालं की दम लागतो, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, तर आधी औषधं नीट बसवून घ्यायची. ठोके बेताल आहेत आणि कंट्रोलमध्ये आलेले नाहीत, बीपी औषधं घेऊनही खूप चढलेलं आहे, महाधमनी फुगलेली आहे, हार्टला इन्फेक्शन आहे, साधा ताप आहे, यातलं काहीही असेल तर थांबायचं.

श्वासाचा हलका सराव आणि उठण्या-बसण्याची योग्य पद्धत शिकणं हे यातल्या बऱ्याच जणांना तरीही जमू शकतं, पण ते फिजिओने समोर बसून ठरवायचं, वाचून नाही.

बरं, परवानगी मिळाली. सुरुवात कशाने?

चालण्याने. बाकी सगळं नंतर. आत्ता विनात्रास जितकं चालता येतं तिथून सुरू करायचं, मग ते पाच मिनिटं का असेना. सपाट रस्ता किंवा घरातला पॅसेज, पहिली काही मिनिटं अगदी रमतगमत, मधे थोडा वेग, शेवटी परत हळू. एकदम थांबून खुर्चीत कोसळायचं नाही, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तेव्हाच डोळ्यांपुढे अंधारी येते. जमायला लागलं की दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवायची, वेग नंतर. एका वेळी जमत नसेल तर दिवसातून तीनदा थोडं थोडं. जेवणानंतर लगेच नाही, कडक उन्हात किंवा खूप थंडीत नाही. थंड हवेत तर काहींना छातीत लवकर आवळतं, त्यांनी घरातच फेऱ्या माराव्यात.

किती दम लागला तर चालेल?

चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय तर वेग जास्त झालाय. गाणं म्हणता येतंय तर थोडं वाढवायला हरकत नाही. हॉस्पिटलात बोर्ग स्केल नावाचा, आपल्याला किती कष्ट वाटतायत ते सांगायचा ६ ते २० आकड्यांचा तक्ता दाखवतात, त्यात साधारण ११ ते १३ च्या मधे राहायचं, म्हणजे "हलकं" ते "थोडं कठीण".

मनगटावरच्या घड्याळातले पल्स बघून व्यायाम करणारे खूप आहेत आता. पण तुम्ही बीटा ब्लॉकर घेत असाल, आणि हार्टच्या पेशंटपैकी बरेच जण घेतात, तर गोळीमुळे पल्स वाढतच नाही फारशी, घड्याळ म्हणतं आरामात आहे आणि माणूस इकडे धापा टाकतोय. तेव्हा घड्याळापेक्षा बोलण्यावर विश्वास ठेवा.

चालताना छातीत दुखायला लागलं तर?

तिथल्या तिथे थांबायचं, बसायचं. पुढच्या वळणापर्यंत जाऊन बघू हा प्रकार नको. जिभेखालची गोळी दिलेली असेल तर बसूनच घ्यायची, कारण बीपी खाली येतं आणि उभं असताना माणूस पडू शकतो. (एओर्टिक वॉल्व्ह अरुंद असणाऱ्यांनी ही गोळी डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.) पाच मिनिटांत कमी झालं नाही, किंवा सोबत घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला, मळमळलं, तर अॅम्ब्युलन्स. गाडी काढून स्वतः चालवत जायचं नाही. आणि कमी झालं तरी डॉक्टरांना कळवायचं, "कालपर्यंत दहा मिनिटांनी दुखायचं, आज तिसऱ्याच मिनिटाला दुखलं" ही माहिती त्यांच्यासाठी फार मोलाची असते, कधी कधी त्यावरून ऑपरेशनची तारीखच अलीकडे येते.

चालण्याखेरीज एकच व्यायाम करायचा तर कुठला?

खुर्चीवरून हात न लावता उठणं. बावळट वाटतो दिसायला, पण मला विचाराल तर यासारखा दुसरा नाही, कारण ऑपरेशननंतर पहिल्याच दिवसापासून हेच करायचं असतं, बेडवरून, खुर्चीवरून, कमोडवरून.

चाकं नसलेली घट्ट खुर्ची घ्या, खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. आधी पुढे सरकून कडेला बसा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, इथेच बहुतेक जण चुकतात, पाय पुढे ठेवून उठायला बघतात आणि मग हात आपोआप हँडलकडे जातात. दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवा. आता कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं, आणि श्वास सोडत सोडत उठा. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. उभं राहिल्यावर क्षणभर थांबा, डोकं हलकं नाही ना वाटत ते बघा, मग सावकाश बसा. बसताना धपकन पडायचं नाही, खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यातच आहे, मांड्या तिथेच काम करतात.

पाच वेळा, मग आराम, मग परत पाच. सोपं जायला लागलं की हळूहळू दहा. अजिबात उठता येत नसेल तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा आणि काही दिवसांनी उशी काढून बघा. गुडघे दुखत असतील तरी उंच बैठकीवरून बऱ्याच जणांना जमतं. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी बाजूला उभं पाहिजे, पण हात धरून उठवायला नाही, तोल गेलाच तर सावरायला.

ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलंय, त्यात फुंकायचं ना?

नाही! ओढायचं. सगळ्यात जास्त होणारी गडबड ही. त्याला स्पायरोमीटर म्हणतात, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि हळू, लांब श्वास आत घ्यायचा म्हणजे गोळ्या वर जातात. वर गेल्या की दोन-तीन सेकंद धरून ठेवायच्या. झटक्यात ओढून तिन्ही गोळ्या ठणकन वर आपटवल्या की नातवंडं टाळ्या वाजवतात पण फुप्फुसाला त्याचा उपयोग नाही, सावकाश ओढून दोनच गोळ्या वर राहिल्या तरी ते चांगलं. ताठ बसून करायचं, चार-पाच श्वासांनंतर थोडं थांबायचं नाहीतर चक्कर येते. आधी घरी शिकून घेतलं तर नंतर आयसीयूत दुखत असताना, गुंगीत असताना नवीन काही शिकायची वेळ येत नाही.

मग तो वेगळा, जोर लावून श्वास ओढायचा डिव्हाइस असतो तो काय?

तो श्वास आत घेणाऱ्या स्नायूंचा खराखुरा व्यायाम. आतमध्ये एक स्प्रिंगची झडप असते, ठरावीक जोर लावल्याशिवाय हवा आत येतच नाही, आणि तो जोर हळूहळू वाढवत नेतात. तीन गोळ्यांच्या यंत्रात असा अडथळा नसतो, म्हणून दोन्ही एकच समजू नका. नेदरलँड्समध्ये यावर एक चांगला अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. बायपासच्या २७९ पेशंटना घेतलं, सगळे फुप्फुसाचा त्रास होण्याचा धोका जास्त असलेले. अर्ध्या लोकांना ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे रोज २० मिनिटं हा व्यायाम दिला, सुरुवातीला त्यांच्या जास्तीत जास्त जोराच्या ३० टक्क्यांवर. नंतर फुप्फुसाच्या तक्रारी त्यांच्यात १८ टक्के लोकांना झाल्या, नेहमीची काळजी मिळालेल्यांत ३५ टक्के. म्हणजे जवळपास निम्म्या. रोज २० मिनिटांच्या मानाने ही कमाई मोठी आहे असं माझं मत. पण जोर किती लावायचा ते मोजून सेट करून घ्यायला लागतं, आणि कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास होऊन गेला असेल तर आधी सांगा.

म्हणजे पुरावा पक्का आहे?

श्वासाच्या व्यायामाचा बऱ्यापैकी आहे. २०१२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये ८ अभ्यास आणि ८५६ पेशंट एकत्र पाहिले होते, त्यात फुप्फुस मिटणं आणि न्यूमोनिया कमी झाल्याचं दिसलं, मृत्यू कमी होतात असं मात्र दिसलं नाही. चालणं-सायकल या प्रकारच्या व्यायामाचा कॅनडातला २००० सालचा अभ्यास आहे, २४९ पेशंट, आठवड्यातून दोनदा असं आठ आठवडे, त्या गटाचं हॉस्पिटलातलं राहणं एका दिवसाने कमी झालं. २०१९ मध्ये हार्टच्या ऑपरेशननंतर लवकर बरं होण्यासाठीच्या ज्या इरास शिफारशी निघाल्या त्यांत प्रीहॅबचा समावेश आहे. पण कुणी तुम्हाला "हे केलं की धोका संपला" म्हणत असेल तर त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. लवकर उठणं-चालणं, छाती साफ राहणं, इथपर्यंत बोलायला आधार आहे.

फक्त आठ-दहा दिवस उरलेत, आता काय उपयोग?

एवढ्यात मांड्या काही दणकट होणार नाहीत, खरंय. पण तंत्र शिकायला तेवढे दिवस पुष्कळ झाले. स्पायरोमीटर, खुर्चीवरून उठणं, आणि खाली लिहिलंय ते बेडवरून उठणं आणि खोकणं. रोजचं थोडं चालणंही सोडू नका, निदान आहे ती ताकद तरी टिकेल.

ऑपरेशननंतर लागणारं आधीच कसलं शिकायचं?

बेडवरून उठणं. आपण सगळे उताणे झोपलेले असताना सरळ उठून बसतो, हाताने रेटा देतो किंवा कुणाचा तरी हात धरून स्वतःला ओढतो. जुळत असलेल्या हाडाला हे दोन्ही नको असतं. त्याऐवजी आधी दोन्ही गुडघे वाकवा, मग खांदे आणि कंबर एकत्रच कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि पायांचं वजन खाली जात असतानाच खालच्या कोपराचा अगदी हलका आधार घेऊन वर या. घरी आठ-दहा वेळा केलं की अंगवळणी पडतं. घरच्यांनीही बघून ठेवावं, कारण नंतर प्रेमाने बाबांचे दोन्ही हात धरून खेचणारं कुणीतरी असतंच. खेचायचं नाही, पाठीमागून खांद्याला आधार द्यायचा.

दुसरं खोकणं. एक छोटी घट्ट उशी किंवा घडी केलेला टॉवेल दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरायचा, एक लांब श्वास आणि मग पोटातून खोकायचं. घशातल्या घशात खाकरणं म्हणजे खोकणं नव्हे, त्याने कफ जागचा हलत नाही.

तिसरं, हात अंगाजवळ ठेवून कामं करणं. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, काय चालेल काय नाही ते प्रत्येक हॉस्पिटल थोडं वेगळं सांगतं, पण रोज लागणाऱ्या वस्तू डोक्याच्या वर किंवा अगदी खाली न ठेवता कमरेच्या उंचीवर आणून ठेवणं हे काम आजच करता येईल.

आईचं वय ७८ आहे, चालणं फारच हळू झालंय. तिला झेपेल?

अशाच पेशंटला गरज जास्त असते. ७० च्या वरच्या पेशंटवरच्या एका अभ्यासात पाच मीटर चालायला सहा सेकंद किंवा जास्त लागणाऱ्यांना ऑपरेशननंतर मोठे त्रास होण्याचा धोका जवळपास तिप्पट दिसला होता. घरी मोजून घाबरवू नका तिला, पण चालणं हळू झालंय ही गोष्ट सर्जनना नक्की सांगा. सुरुवात बसूनच करायची: बसल्या जागी पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरणं, टाचा-चवडे वरखाली, जागच्या जागी पावलं, मग उंच खुर्चीवरून उठणं. रोज थोडं, आणि तिच्या कलाने.

जिम, डंबेल्स, योगा?

नवीन काही सुरू करायची ही वेळ नाही. आधीपासून करत असाल तर हलकं, श्वास न कोंडता, आणि टीमला विचारून. डोकं खाली पाय वर असली आसनं, प्लँक, पुशअप, श्वास रोखून धरणं हे सध्या बाजूला. जिना चालेल पण मजला दर मजला थांबत.

शुगर आहे, व्यायाम करताना काही वेगळं?

इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाने शुगर एकदम खाली येऊ शकते. आधी तपासा, खिशात काहीतरी गोड ठेवा, उपाशीपोटी जाऊ नका. हात थरथरले, घाम आला, गोंधळल्यासारखं झालं तर थांबून गोड खा. पायाला जखम नाही ना हे रोज बघा, बायपाससाठी नस बरेचदा पायातूनच काढतात आणि तिथे आधीचीच जखम असणं कुणालाच परवडणारं नाही.

खाण्याचं काय?

प्रोटीन पुरेसं पाहिजे, नाहीतर व्यायाम करून स्नायू बनणार कशाचे. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. वजन जास्त असलं तरी या काही आठवड्यांत उपास-बिपास करून घटवायला जाऊ नका, त्यात स्नायूच जातात.

सिगारेट ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडली तर?

आजच सोडा. चारेक आठवडे मिळाले तर फुप्फुसांना खरा फायदा होतो. तंबाखू, व्हेप, सगळं त्यातच आलं.

व्यायाम करून बाबांना इतकं बरं वाटायला लागलंय, ऑपरेशन टाळता येईल का?

हे ऐकून आनंदही होतो आणि धसकाही बसतो. बरं वाटतंय कारण पाय आणि श्वास सुधारले, तेवढ्याच कामाला हार्टला कमी कष्ट पडतायत. अरुंद वॉल्व्ह मात्र तेवढाच अरुंद आहे, ब्लॉकेज तिथेच आहे. तारीख स्वतःहून रद्द करू नका. प्रश्न मनात आला असेल तर कार्डिओलॉजिस्टना भेटून रिपोर्ट पुढे ठेवून विचारा.

तारीख पुढे ढकलली तर?

चालू ठेवा, आणि कार्यक्रम परत एकदा फिजिओला दाखवून घ्या. ढकललं की मन उतरतं आणि माणूस परत पलंगाला चिकटतो, हे फार बघितलंय.

आदल्या दिवशी काय करायचं आणि बॅगेत काय?

नवीन काही नाही. थोडं चालणं, स्पायरोमीटरचे श्वास, बास. बॅगेत तोच स्पायरोमीटर, ती छोटी उशी, चष्मा, कानाचं मशीन, काठी वापरत असाल तर काठी, आणि पायातून निसटणाऱ्या स्लिपर नकोत, मागे पट्टा असलेली सैल चप्पल घ्या, कारण नस काढलेला पाय सुजतो आणि नेहमीचे बूट त्यात जात नाहीत.